तोंडात पाणी धरून

मला वाचवलं ते अक्कानं. हे आधी लिहून टाकते, कारण पुढे राग येणार आहे आणि रागात माणूस मुद्द्याचं विसरतो. बापानं वाचवलं असं म्हणता येत नाही, भावानं नाही, गावानं तर नाहीच. अक्कानं वाचवलं. तिचं नाव लिहीत नाही. गावात तिला नावानं कुणी हाक मारलीच नाही. समोर अक्का म्हणत, आणि ती पाठमोरी झाली की आणखी एक शब्द म्हणत. तोही लिहीत नाही.

मध्यंतरी वहिनीनं एक व्हिडिओ पाठवला. जळगावला कुठल्याशा मंडळानं अक्काचा सत्कार केला, त्याचा. मी इथे दिल्लीत, कारखान्याच्या जिन्यात डबा उघडून बसले होते. मोबाइलमध्ये अक्का दिसली. लाल गादीची मोठी खुर्ची, आणि ती तिच्या अगदी काठावर टेकलेली, जणू कुणीतरी आत्ता उठवणार आहे. निवेदन करणाऱ्या बाई म्हणत होत्या, "सासर-माहेरचा गोडवा ज्यांच्या बोटांतून मातीत उतरला, अशा आपल्या भोळ्याभाबड्या अक्का."

गोडवा. भोळ्याभाबड्या. माझा घास तोंडातच राहिला.

आणि शाल घालायला पुढे कोण आलं, तर आमच्या गावचे नाना.

नाना कोण ते येईलच. आधी अक्का कोण ते सांगते. त्या निवेदनवाल्या बाईंना कुणी सांगितलेलं दिसत नाही.

आमचं गाव पारोळ्याकडून धुळ्याला जाणाऱ्या रस्त्याच्या आत. गावाच्या टोकाला नाला, नाल्याच्या काठाला अक्काचं झोपडं. ती कुठल्या गावाहून आली, कुणाची कोण, कुणाला माहीत नव्हतं. एक दिवस चालत आली म्हणे, पायात काही नाही, आणि परत गेलीच नाही. नवऱ्याचं विचारलं तर म्हणायची, "शे कोठे बी." आहे कुठेतरी. त्याच्यापुढे विचारायची कुणाची छाती नव्हती, कारण अक्का शिवराळ होती. शिव्यांशिवाय तिचं वाक्य उभंच राहायचं नाही. मातीला शिव्या, उन्हाला शिव्या, बकरीला शिव्या. कापूस वेचायला जायची तेव्हा शेतमालक तिच्या ओळीजवळ फिरकत नसे.

हंगाम संपला की ती गुलाबाया बनवायची. खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडे भादव्याच्या पुनवेला गुलाबाई येते आणि कोजागिरीला जाते. पार्वतीच ती, महिनाभर माहेराला आलेली. मांडीवर बाळ, आणि शेजारी गुलोजी, तिला न्यायला आलेला नवरा. गल्लीतल्या पोरी रोज संध्याकाळी तिच्यापुढे गाणी म्हणतात, टिपऱ्या खेळतात, मग डबा वाजवून आतला खाऊ ओळखायचा. अक्काचा खाऊ कधीच कुणाला ओळखता आला नाही. ती गुळाचा खडा चिंधीत घट्ट गुंडाळून ठेवायची. डबा हलवला की आवाजच नाही. पोरी कंटाळून म्हणायच्या, "अक्का, यामा काहीच नही." मग ती चिंधी सोडायची आणि म्हणायची, "आवाज नही करस म्हनीसन काहीच नही का वं?"

ती कुंभाराची नव्हती. गावच्या कुंभारांनी सुरुवातीला राग धरला होता, पण भांडायला गेलेले शिव्या ऐकून परत आले आणि पुन्हा गेले नाहीत. कुणी विचारलं, "अक्का, तुले कोनी शिकाडं?" तर ती आढ्याकडे बोट दाखवायची. तिथे कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं. चोचीएवढ्या तोंडानं चिखलाची गोळी आणायची, लावायची, पुन्हा जायची. "तिनी शिकाडं. मास्तरीन शे ती मनी." झोपडं सारवताना अक्का तेवढी जागा सोडून सारवायची. मी एकदा झाडूनं ते घर पाडायला गेले तर तिनं झाडूच हिसकावला आणि मला जे काही म्हणाली ते मी आईसमोर कधी सांगू शकले नाही.

माती नाल्याची, काळी. तिच्यात कापूस पिंजून मळायचा, म्हणजे तडा जात नाही. भिजवून मळलेल्या मातीला आमच्याकडे गारा म्हणतात. रंग आणायला ती एसटीनं जळगावला जायची, पिंप्राळ्यात एका चाचांकडे. चाचा दुकानाच्या पाट्या रंगवायचे, उरलेले डबे तिच्यासाठी बाजूला ठेवायचे. लांबूनच ओरडायचे, "आपा, शटर के पीछे रखा है, ले लो, बस गाली मत दो." अक्का डबे घ्यायची आणि शिवी देऊनच यायची. चाचांना ती पोचपावती वाटायची.

अक्काकडे साचा नव्हता. बाजारातल्या गुलाबाया सगळ्या एका तोंडाच्या, गोबऱ्या, हसऱ्या. अक्काच्या गुलाबाईला दरवर्षी कुणाचं तरी तोंड असायचं. पलीकडच्या गल्लीतली जी सून विहिरीत सापडली आणि जिचं मग कुणी नाव काढेना, तिचं तोंड. सासरी टाकलेली शिंप्याची मुलगी, तिचं. लोक ओट्यावर मूर्ती बघायचे, ओळखायचे आणि गप्प व्हायचे. बायका मात्र रोज यायच्या, आरतीनंतरही बसून राहायच्या. हा तो गोडवा.

आता डोळ्यांचं. पुनवेच्या संध्याकाळी गुलाबाई आमच्या गल्लीच्या ओट्यावर आणायची, सगळ्यांसमोर, आणि तिथेच अक्का तिचे डोळे काढायची. त्याला डोळे उघडणं म्हणत. डोळे उघडले की गुलाबाई बसली. त्याआधी ती नुसता गारा. अक्का अंघोळ करून यायची, काजळात तेल खलायची, आपल्याच केसांचा बारीक कुंचला घ्यायची, आणि मग तांब्यातलं पाणी तोंडात भरून घ्यायची. गाल फुगलेले, ओठ मिटलेले. दोन्ही डोळे पुरे होईपर्यंत ते पाणी गिळायचं नाही, थुंकायचं नाही. का, तर तोंडातून शिवी जाऊ नये म्हणून. डोळा उघडताना शिवी गेली तर ती मूर्तीला चिकटते, मग त्या मूर्तीचे डोळे त्या सालात उघडायचे नाहीत, असा तिचा कायदा. तिनंच केलेला. गल्लीनं तो हसत हसत मानला, आणि काही वर्षांत तो असा पक्का झाला की म्हाताऱ्या बायका सांगू लागल्या, पहिल्यापासून असंच आहे.

वर्षात तेवढाच वेळ अक्का गप्प असायची. आम्ही पोरी तिच्या फुगलेल्या गालांकडे बघून खुदखुदायचो आणि ती डोळ्यांनीच आम्हाला फाडून खायची.

मी सातवीतून शाळा सोडली. का, ते सांगण्यासारखं नाही, सगळ्यांचं असतं तेच. अठरा भरले तसं लग्न लागलं. स्थळ नानांनी आणलं, धुळ्याच्या पुढचं, त्यांच्या नात्यातलं. नाना म्हणजे गावात ज्यांच्या शब्दावर रस्ता होतो आणि ज्यांच्या शब्दावर रस्ता अडतो. बाप तर हरखलाच होता. नानांनी आपल्या दारी येऊन स्थळ सांगावं.

सासरचं फार लिहीत नाही. उजव्या कानानं मला आता कमी ऐकू येतं, एवढं पुरे. श्रावण सरता सरता मी माहेरी आले. आई माझा कान बघून रडली आणि रडून झाल्यावर म्हणाली, "संसार म्हणला की भांड्याला भांडं लागतंच." बाप चपला घालून बाहेर निघून गेला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला भीती वाटायची, नानांची, चार लोकांची, न पाहिलेल्या लोकांचीसुद्धा. ती भीती मी पुरेपूर उचलली आहे. अजून अनोळखी नंबर वाजला की माझे हात गार पडतात.

मी दिवसभर अक्काकडे जाऊन बसायचे. पहिल्या दिवशी तिनं माझ्याकडे, मग माझ्या कानाकडे बघितलं, गाऱ्याचा गोळा माझ्यासमोर आपटला आणि म्हणाली, "रडाले उनी का शिकाले उनी?" मी रडतच मळायला लागले. तिनं हरकत घेतली नाही. म्हणाली, गाऱ्याला पाणी लागतंच.

त्या साली तिनं गुलाबाईला माझं तोंड दिलं. मला आधी कळलं नाही. बाकी बायकांना कळलं. आणि गुलोजी केलाच नाही. कुणी विचारलं तर गाऱ्याकडे बघत, "व्हई तव्हय व्हई," एवढंच.

पुनवेच्या दिवशी दुपारी जीप आली. सासरा आणि नवरा, सोबत नाना. न्यायला आले होते. बापानं चहा मांडला, हात जोडले. "लग्नानंतरची पहिली गुलाबाई शे. एवढी बसू द्या. गुलाबाई वाटे लागनी का मी स्वतः आंडेरले लई येसू." म्हणजे गुलाबाईची पाठवणी झाली की लेकीला तो स्वतः आणून सोडणार. नाना म्हणाले, चालेल, रीत आहे. सासऱ्यानं मान डोलावली. चार माणसांसमोर शब्द झाला. कोजागिरीला गुलाबाई नाल्यात सोडली की दुसऱ्या दिवशी मी जीपमध्ये. आत चुलीपाशी बसून मी ते ऐकलं. सूर्य अजून वर होता आणि मला वाटलं आपला महिना संपलासुद्धा.

संध्याकाळी ओट्यावर सगळी गल्ली जमली. पाहुणेही उभे राहिले, पुढेच. अक्का आली. पाटावर गुलाबाई, मांडीवर बाळ, शेजारी मोकळी जागा. अक्कानं पाणी तोंडात भरलं, कुंचला काजळात बुडवला, आणि पहिल्या डोळ्याजवळ नेला.

माझा नवरा हसला. मूर्तीकडे बघून, माझ्याकडे बघून, मोठ्यानं म्हणाला, "एकलीच काब्र शे ही? इना नवरा कोठे शे?"

दोन-चार माणसं हसली. नानाही हसले.

अक्काचा हात थांबला. तिनं मान वळवली. ते फुगलेले गाल आम्हाला वर्षानुवर्षं हसवायचे. त्या दिवशी कुणाला हसू आलं नाही. तिनं बराच वेळ त्याच्याकडे बघितलं आणि मग तोंडातलं सगळं पाणी त्याच्या बुटांवर थुंकलं.

"इना नवरा? त्याले बनाडाले चांगला गारा लागस. तुनासारखा नासेल गाराना नवरा मी बनाडत नही."

त्याच्या पुढचं लिहिता येणार नाही. त्याच्या आईपासून सुरुवात करून ती नानांच्या जीपपर्यंत आली. एकदाही अडखळली नाही. मग कुंचला पदराला पुसला, कमरेला खोचला आणि एकदम साध्या आवाजात म्हणाली, "हई गयं. मी बोली गयी. आते इना डोया या सालमा उघाडाना नहीत."

नवरा अंगावर धावला, लोकांनी धरला. आरडाओरडा झाला, जीप गेली. पण ओट्यावरची गुलाबाई आंधळी राहिली, म्हणजे ती बसलीच नाही. आणि जी बसली नाही ती वाटेला कशी लावणार? एका म्हातारीनं सांगितलं, दुसऱ्या गुलाबाईचे डोळे उघडून घ्या. अक्का म्हणाली, "उघाडा. कोन उघाडस?" गल्लीत कुणाच्या हातात ते नव्हतं. बाजारातली विकत आणू म्हणाले, तर बायकाच पुढे झाल्या, ओट्यावर एक आलेली असताना दुसरी आणायची नाही. आईसारखंच ज्या बायकांनी मला भांड्याला भांडं सांगितलं होतं, त्याच. पोरींनी महिनाभर त्या आंधळ्या मूर्तीपुढे गाणी म्हटली. कोजागिरी आली तशी गेली. अक्कानं मूर्ती उचलून आपल्या झोपडीत फळीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी जीप पुन्हा आली. बाप दारात उभा राहिला. मी आतून बघत होते. त्याच्या धोतराची निरी हलत होती. तो म्हणाला, "मना शबद गुलाबाई वाटे लागानंतरना व्हता. ती आजून आठेच शे."

नाना म्हणाले, "मातीच्या बाहुलीपायी संसार मोडतोस?"

बाप म्हणाला, "शबद तुमनासमोर व्हयेल शे, नाना."

आयुष्यभर ज्यानं नाही म्हटलं नव्हतं, त्याला अक्कानं नाही म्हणायला एक जागा करून दिली होती. नुसतं 'नाही' त्याच्या तोंडातून निघालं नसतं. रीतीचं 'नाही' निघालं.

त्याचं मोल अक्कानं दिलं, बापानं नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिनं नाल्याकाठी मूर्ती वाळत घातल्या होत्या. नानांचा ट्रॅक्टर नाल्याची सफाई करायला म्हणून आला आणि त्यांच्यावरून गेला. मागे वळून पुन्हा गेला. ड्रायव्हर खाली मान घालून बसला होता. लोक बघत होते. भाऊ होता, कुंभार होते, आज व्हिडिओत टाळ्या वाजवणारे दोघे तर मला स्पष्ट आठवतात. कुणी हात वर केला नाही. अक्का त्या दिवशी शिवी न देता बसून राहिली, तोंडात पाणी नसताना. मग चुरा गोळा केला, पाणी घातलं आणि मळायला लागली. मी शेजारी बसले. मी शिव्या दिल्या, मला येत होत्या तेवढ्या. ती म्हणाली, "चांगल्या देस तू. पन कमी शेतस."

त्यानंतर गावात तिची मूर्ती कुणी उघडपणे घेतली नाही. नानांची भीती. बायका संध्याकाळी मागच्या बाजूनं येऊन पदराखाली न्यायच्या.

त्या वर्षात मी डोळे शिकले. पुढे कागदावर फारकत झाली, तरी गावात राहवेना. बाजारात नानांची जीप दिसली की मी दुकानात शिरायचे. अक्कानं चाचांना गाठलं. चाचांचा भाऊ दिल्लीत पुतळ्यांच्या कारखान्यात होता, साड्यांच्या दुकानात काचेआड उभ्या करतात त्या डमी. चाची स्वतः मला पोचवायला आली, महिनाभर माझ्याजवळ राहिली. चाची-चाचांचे उपकार वेगळे लिहायला हवेत. आज मी त्याच कारखान्यात डोळे रंगवते. दिवसभर बायकांच्या चेहऱ्यांची रांग येते, पांढऱ्या डोळ्यांची, आणि मी एकेकीला नजर देते. तोंडात पाणी धरून. बाकीच्या मुली मला गूँगी म्हणतात. म्हणू देत.

तर तो व्हिडिओ. स्टेजवर गुलाबाई-गुलोजीची जोडी ठेवलेली, मंडळानं सांगून करवून घेतलेली. "हसरी जोडी हवी" असं सांगितलं होतं म्हणे. अक्कानं सगळ्यांसमोर डोळे उघडायचे होते. तिनं तांब्या तोंडाला लावला, गाल फुगवले, कुंचला उचलला. हात थरथरत होता. आणि बाईंनी माइक तिच्या तोंडाशी धरला. "अक्का, आज कसं वाटतंय? दोन शब्द बोला ना." अक्का बघत राहिली. "लाजल्या आपल्या अक्का." हशा. मागून नाना आले, शाल घातली, तिचा हात धरून कॅमेऱ्याकडे वळवला. तिथे व्हिडिओ संपतो.

मी त्याच संध्याकाळी वहिनीच्या फोनवर अक्काला गाठलं. म्हटलं, "अक्का, थुंकली का नाहीस? एवढा जवळ उभा होता."

ती म्हणाली, "पिई लिधं मी."

पाणी पिऊन टाकलं. तिनं. मला त्या मंडळाचा, नानांचा, टाळ्यांचा जेवढा राग आला नव्हता तेवढा त्या तीन शब्दांनी आला. ट्रॅक्टरनं जे झालं नाही ते शालीनं केलं. मी इकडे ओरडले, रडले, बोलू नये ते बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"व्हयनं तुनं? थकी गयी मी, माय. जेवन बी व्हतं त्यासनं, बठ्ठा लोके व्हतात. पन डोया उघाडा नहीत."

"म्हणजे?"

"देख फोटो."

वहिनीकडून फोटो मागवला. मंडळाच्या कचेरीतलं काचेचं कपाट, खाली पितळी पाटी, आत जोडी. पांढरे, कोरे डोळे. दोघांचेही. पाहुणे येतात, शेजारी उभे राहून फोटो काढतात. अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. मी हसले ते रडण्यासारखंच निघालं.

मग अक्का म्हणाली, "तुनी गुलाबाई शे आठे. फळीवर. मना हात आते थरथरतस. तूच ये, तूच उघाड तिना डोया, मंग तिले वाटे लाऊ."

डोळे उघडले, नाल्यात सोडली, तर बापाचा तो शब्द सुटतो. फारकत झालेली आहे, कागद आहे, नवऱ्यानं दुसरं लग्नही केलं. तरीही फोनवर माझा हात गार पडला. तिला तो कसा कळला कोण जाणे.

"आजून भ्याव लागस?"

"हो."

"मंग ऱ्हाऊ दे तिले. जव्हय भ्याव सरी, तव्हय ये." आणि मग जाता जाता एक शिवी दिली, बरीच जुनी, बापावरून. तेवढी ऐकून मला जरा बरं वाटलं.

अक्का, हे तुला वहिनी वाचून दाखवेल. मी येईन. भीती पूर्ण सरायची वाट बघत बसले तर येणं होणार नाही, म्हणून उरलेली बरोबर घेऊनच येईन. पुनवेला, दिवसाउजेडी, नानांच्या दारावरून. ओट्यावर तुला पाटावर बसवीन, तिथे खुर्ची असणार नाही. तिचे डोळे मी उघडीन, तोंडात पाणी धरून. एक थेंब गिळणार नाही. दोन्ही डोळे पुरे झाले आणि नाना ओट्यापुढे उभे असले, तर त्या घोटाचं काय करायचं ते मला कुणी शिकवायला नको. मग कोजागिरीला तिला वाटेला लावू. तोपर्यंत तू फक्त फळी सांभाळ, आणि आढ्यातलं त्या मास्तरणीचं घर.